कूलरच्या चौकटीत रेझिनची गोधडी: दुपारच्या हवेतला कार्बन सकाळी रोपांना

डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे पॉलिहाउसचे साइड कर्टन, म्हणजे बाजूचे पडदे, रात्रभर खाली असतात. अशा घरात पहाटे सहाला कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवलं, तर आकडा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दिसतो, बरेचदा ६०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) पुढे. रात्रभर रोपं, कोकोपीट आणि माती श्वास सोडत असतात, आणि तो आतच साठतो. ऊन चढायला लागलं की हाच साठा झाडं भराभर ओढून घेतात. भरगच्च पीक असेल तर नऊच्या सुमारास आकडा २५०-३०० वर आलेला असतो. बाहेर मात्र हवेत सुमारे ४२५ पीपीएम असतात. म्हणजे ऊन आहे, पाणी आहे, खत दिलेलं आहे, आणि पानं उपाशी आहेत. तापमान वाढलं म्हणून दहाच्या सुमारास पडदे वर जातात, तेव्हा ही तूट भरून निघते.

ही तूट आधीच भरायची एक पद्धत इथं दिली आहे: दुपारच्या कोरड्या हवेतला हा वायू रेझिनच्या मण्यांत धरायचा आणि सकाळी घरात सोडायचा. मराठवाड्यातल्या पॉलिहाउसमध्ये जो काही फायदा घ्यायचा, तो या सकाळच्या दोन-अडीच तासांत. पडदे उघडे असताना आतली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. तेव्हा वायू सोडणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. उन्हाळ्यात पडदे बंद ठेवता येत नाहीत, पावसाळ्यात हवा दमट. त्यामुळे इथं दिलेली पद्धत नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच हंगामाची आहे. शेडनेटला तर ती लागूच पडत नाही, जाळीतून सगळं निघून जातं. घर फिल्मचं आणि बंद होणारं हवं.

पिकांपैकी टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, कलिंगड, जरबेरा, गुलाब यांना वाढीव वायू मानवतो. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांची रचनाच वेगळी, त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. २५० वरून ४२५ वर आणण्यात जितका लाभ आहे, तितका पुढच्या तेवढ्याच वाढीत नाही. ६०० पर्यंत जाणं परवडतं. हजाराच्या पुढे नेण्यात काही अर्थ नाही.

हवेतून धरायचा कसा

हवेतला वायू ओढणारी मोठी यंत्रं जगात आहेत. स्वित्झर्लंडमध्ये हिनविल इथं क्लाइमवर्क्स कंपनीनं २०१७ मध्ये १८ यंत्रांचा संच सुरू केला. वर्षाला सुमारे ९०० टन वायू धरून तो शेजारच्या काचघरांतल्या भाज्यांना देण्याची ती योजना होती. पण तिथं धरलेला वायू सोडवायला सुमारे १०० अंशांची उष्णता लागायची, आणि ती कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातून मिळत होती. शेतावर ती कुठून आणायची?

चुन्याची निवळी वायू धरते हे शाळेत शिकलेलं असतं, म्हणून पुष्कळांच्या मनात चुना येतो. धरते खरी, पण धरून झाली की तिची चुनखडी होते, आणि त्यातून वायू परत काढायला भट्टीत ९०० अंश लागतात. तो रस्ता सोडा.

आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी आहे. पाणी शुद्ध करायच्या डीएम प्लांटमध्ये स्ट्राँग बेस ॲनायन रेझिन, म्हणजे पाण्यातले ऋण भाराचे आयन धरणारं रेझिन, वापरतात. त्याचे मोहरीपेक्षा बारीक, पिवळसर मणी असतात. हे रेझिन कार्बोनेट रूपात आणलं की कोरड्या हवेत वायू धरतं आणि ओलं झालं की सोडून देतं. उष्णता लागत नाही. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातले क्लाउस लॅकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ओल-सुकीची पद्धत पुढे आणली. मराठवाड्यासाठी ती जणू मापानं शिवलेली आहे: हिवाळ्यात दुपारची हवा ३०-४० टक्के आर्द्रतेवर उतरलेली असते, आणि सकाळी बंद पॉलिहाउसची हवा ९० टक्क्यांच्या आसपास ओली असते. दुपारी बाहेर भरायचं, सकाळी आत सोडायचं.

यासाठी नवी पेटी बनवायची गरज नाही. तीन बाजूंनी जाळ्या, मध्ये पंखा, चाकं लावलेली अशी वस्तू बहुतेक घरांत आहे, आणि नेमकी याच चार महिन्यांत ती अडगळीत पडलेली असते: डेझर्ट कूलर. खसाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या जाळ्या काढायच्या आणि त्यांच्या जागी रेझिनच्या गोधड्या लावायच्या.

आधी हिशोब

एक गुंठ्याची रोपवाटिका धरू. १०० चौरस मीटर, सरासरी उंची साडेतीन मीटर, म्हणजे ३५० घनमीटर हवा. बाहेरच्यापेक्षा २०० पीपीएम जास्त ठेवायचं तर सुरुवातीला सुमारे १२० ग्रॅम वायू लागतो. नीट बंद घरातही तासाला साधारण एकदा हवा बदलते, म्हणजे तासाला तेवढेच १२० ग्रॅम गळतात. रोपं तासाला १०० ग्रॅमच्या आसपास खातात. दोन तासांचे मिळून ६०० ग्रॅम धरा.

रेझिनची आयन धरायची क्षमता लिटरला साधारण १.३ इक्विव्हॅलंट (हे त्याचं रासायनिक माप) असते. कागदावर लिटरमागे २८ ग्रॅम वायू बसतो, प्रत्यक्षात १२ ग्रॅम हाती लागतो असं धरून चालावं. म्हणजे ६०० ग्रॅमसाठी ५० लिटर रेझिन. ते सहसा २५ लिटरच्या गोणीत येतं, दोन गोण्या झाल्या. आपल्या भागातल्या एक घनमीटर हवेत जेमतेम ०.७ ग्रॅम वायू असतो, म्हणून हवा भरपूर फिरवावी लागते: तासाला १५०० घनमीटर, पाच तास. त्यातला नववा हिस्सा धरला तरी काम भागतं.

आता दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसला हाच हिशोब लावला, तर रेझिन ५०० लिटरच्या आसपास जातं. त्या आकाराला ही पद्धत आम्ही सुचवत नाही. रोपवाटिकेला सुचवतो, कारण तिथं जागा थोडी, रोपांची किंमत जास्त, आणि कलिंगड-मिरचीच्या लागवडीची रोपं नेमकी याच थंडीत तयार होतात. जवळच्या शहरातून ३० किलोचं वायूचं सिलिंडर सहज मिळत असेल, तर ते याच हिशोबानं ५० दिवस पुरतं. दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी मांडा आणि मगच गोणी घ्या.

विजेचाही विचार करायला हवा. एका कूलरची मोटर १५०-२०० वॅट घेते. ५० लिटर रेझिनला तीन कूलर लागतात; ते पाच तास चालले की रोज अडीच-तीन युनिट. महावितरणची वीज बहुतांश कोळशाची, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू बाहेर पडतो. म्हणजे ६०० ग्रॅम धरायला दोन किलो सोडला. हवामानासाठी काही करतोय असं मनात असेल, तर पंखे सौर पॅनलवरच चालवा. भरण्याची वेळ भर दुपारची असल्यानं ते सहज जमतं, आणि लोडशेडिंगचाही प्रश्न मिटतो.

रेझिन तयार करणं

दुकानात मागताना "स्ट्राँग बेस ॲनायन, टाइप वन, मॅक्रोपोरस" असं स्पष्ट सांगा. नुसतं रेझिन म्हटलं की सॉफ्टनरचं रेझिन हातात पडतं. ते कॅटायन, म्हणजे धन भाराचे आयन धरणारं असतं, या कामाला शून्य उपयोगाचं. दिसायला दोन्ही सारखी, त्यामुळे गोणीवरचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

गोणीतलं रेझिन क्लोराइड रूपात असतं. ते कार्बोनेटमध्ये आणायला धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश लागतो. खायचा सोडा चालत नाही. २०० लिटरच्या प्लास्टिक ड्रममध्ये ५० लिटर रेझिन घ्या. १०० लिटर आरओच्या पाण्यात ५ किलो सोडा विरघळवून त्यावर ओता, लाकडी दांड्यानं दर अर्ध्या तासानं ढवळा, चार तासांनी पाणी काढून टाका. असं चार वेळा करा, एकूण २० किलो सोडा लागेल. एकदाच २० किलो टाकून भागत नाही. निघालेलं क्लोराइड त्याच पाण्यात राहिलं की पुन्हा रेझिनवर जाऊन बसतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा हवा.

चौथ्या धुण्यानंतर तपासणी करा. निघालेलं थोडं पाणी परीक्षानळीत घ्या, बुडबुडे थांबेपर्यंत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. दह्यासारखा पांढरा साका धरला तर क्लोराइड अजून निघतंय, आणखी एक धुणं द्या. हलकी धूसर छटा आली तर पुरे. ॲसिड न टाकता पाहिलंत, तर सोड्यामुळेच साका धरतो आणि फसगत होते. शेवटी आरओच्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून घ्या. हे सगळं निघालेलं पाणी बेडवर किंवा विहिरीजवळ सोडू नका, त्यात सोडियम भरपूर असतं.

आणि या सगळ्या कामातली सर्वात मोठी सावधगिरी: बोअरचं पाणी रेझिनला कधीही लागू देऊ नका. आपल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट असतात. ते कार्बोनेटला हुसकून रेझिनवर बसतात आणि वाळल्यावरही उठत नाहीत. रोज थोडं थोडं असं पाणी मारलं की काही आठवड्यांत रेझिन निकामी. आरओचं किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. आरओ मशीनमधून बाहेर जाणारं खारं पाणी तर मुळीच नको.

गोधडी शिवणं

मणी सैल ठेवले की सगळे तळाशी जातात आणि वरच्या रिकाम्या जागेतून हवा निसटते. म्हणून गोधडीसारखे टाके. ५० मेशची इन्सेक्ट नेट दुहेरी घ्या. कूलरच्या जाळीच्या मापाची, साधारण ७० बाय ८० सेंटीमीटरची पिशवी करा. आडव्या ओळींत दर ७ सेंटीमीटरला शिवण मारत जा, आणि प्रत्येक कप्पा शिवण्याआधी भरा. दोरा नायलॉनचा. सुती दोरा ओल-सुकीत सडतो.

भरताना रेझिन सावलीत वाळवलेलं असावं. वाळल्यावर ते साधारण पाचव्या हिश्श्यानं आकसतं, ओलं झालं की फुगतं. ओलं रेझिन ठासून भरलंत तर वाळल्यावर प्रत्येक कप्प्यात वर फट पडेल, आणि कोरडं ठासून भरलंत तर पहिल्याच सकाळी टाके उसवतील. यावर तोड अशी: अर्धा सेंटीमीटर जाडीच्या दोन पातळ गोधड्या एकावर एक लावायच्या, आणि दोघींच्या शिवणी एकमेकींसमोर येऊ द्यायच्या नाहीत. एकीची फट दुसरी झाकते. दोन्ही मिळून एक सेंटीमीटरचा थर, एका जाळीत साधारण साडेपाच लिटर रेझिन. तीन जाळ्यांचे सोळा-सतरा लिटर, तीन कूलरमध्ये ५० लिटर बसलं.

थर याहून जाड करायचा मोह टाळा. कूलरचा पंखा लांब फेकणारा असतो, जोर लावणारा नसतो. दोन सेंटीमीटर थरातून हवा ओढताना तो नुसता घरघरतो आणि हवा येते ती पत्र्याच्या फटींतून. गोधडी आणि चौकट यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा. पंखा चालू करून चारही कडांशी उदबत्ती फिरवा. धूर कडेनं आत खेचला जातोय तिथं गळती आहे.

कूलर प्लास्टिकच्या अंगाचा असेल तर उत्तम. त्याचा पाण्याचा पंप काढून ठेवा, इथं तो लागत नाही. टाकी रिकामी आणि कोरडी हवी.

रोजचा क्रम

अकराला कूलर बाहेर काढा, सावलीत. ऊन थेट पडू देऊ नका. रेझिन ६० अंशांच्या वर गेलं की खराब व्हायला लागतं, आणि मासळीसारखा वास येतो. तो वास आला तर नुकसान सुरू झालंय. धूळ उडणाऱ्या रस्त्याकडे तोंड नको.

पंखे चालू करा. पहिला तास-दीड तास गोधड्या नुसत्या वाळतात. या वेळी पंख्यासमोर मीटर धरलं, तर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त आकडा दिसू शकतो. घाबरू नका, सकाळचा उरलेला वायू निघत असतो. साडेबाराच्या सुमारास आकडा उलटतो आणि बाहेर ४२५ असताना पंख्यातून ३५० ते ३८० ची हवा यायला लागते. हाच आपला माल. चारच्या पुढे आकडा पुन्हा ४१०-४२० ला टेकला की गोधड्या भरल्या. पंखे बंद करून लगेच प्रत्येक कूलरवर जाड पॉलिथिनचं आवरण चढवा आणि खाली दोरीनं आवळा. हे राहून गेलं तर रात्रीच्या दवानं सगळा वायू पहाटेपर्यंत उडून जातो.

पडदे संध्याकाळी वेळेवर खाली घ्या. रात्रीचा फुकटचा साठा त्यामुळेच मिळतो, आणि तो गमावून रेझिनच्या मागे लागण्यात काही शहाणपण नाही.

सकाळी आवरणासकट कूलर आत घ्या, पण घाईनं उघडू नका. मीटर पाहत राहा. आकडा ४५० च्या खाली उतरेल, सहसा साडेसात ते आठमध्ये, तेव्हा आवरण काढून पंखे सर्वात कमी वेगावर लावा. पहिली २०-३० मिनिटं पाणी मारायची गरज नाही, घरातली दमट हवाच काम सुरू करते. आकडा चढायचा थांबला की प्रत्येक जाळीवर आरओच्या पाण्याची बारीक फवारणी, जाळीमागे सुमारे एक लिटर, तीन-चार वेळा विभागून. फवारणी पंप नवा आणि फक्त याच कामाचा ठेवा. औषधाचा किंवा विद्राव्य खताचा पंप चालणार नाही. पाणी ठिबकेपर्यंत मारू नका. मण्यांमधल्या जागा पाण्यानं भरल्या की हवा अडते, आणि जितकं जास्त मारलं तितकं दुपारी वाळवण्यात ऊन जातं. तीन कूलरचं मिळून आठ-नऊ लिटरच्या पुढे जाऊ नका.

साडेनऊ-दहाला आतलं तापमान २८ अंशांच्या पुढे गेलं की पडदे वर. वायू उरलाय म्हणून पडदे बंद ठेवू नका, उष्णतेनं होणारं नुकसान मोठं आहे. पानांवर दव राहत असेल किंवा काकडीवर केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) दिसला असेल, तर त्या दिवशी फवारणी वगळा आणि नुसते पंखे चालवा. ढगाळ सकाळीही कूलर उघडू नका. ऊन नसताना पानांना वायू नको असतो. भरलेल्या गोधड्या आवरणाखाली दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात.

मीटर आणि बिघाड

मीटर एनडीआयआर प्रकारचंच, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं वायू मोजणारंच घ्या. काही स्वस्त उपकरणं वासाच्या संवेदकावरून अंदाजी आकडा दाखवतात, ती इथं दिशाभूल करतात. घेतल्यावर त्यातलं आपोआप कॅलिब्रेशन (आकडा स्वतःच जुळवून घेण्याची सोय) बंद करा. ती सोय आठवड्यातला सर्वात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं मानते. आपल्या घरात सकाळी २५० खरेच असतात, मीटर त्यालाच ४०० समजतं, आणि मग तूट कधी दिसतच नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांनी मोकळ्या रानात, माणसांपासून दूर, दुपारी ४२५ ला जुळवून घ्या. छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूर हा पट्टा समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहे. हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असल्यानं दुरुस्ती न केलेलं मीटर तेवढंच कमी दाखवतं. वापरताना ते तोंडापासून लांब, पिकाच्या उंचीवर टांगा. श्वास लागला की आकडा हजारावर जातो.

सकाळी आकडा ४५०-४८० च्या वर हलत नसेल, तर आधी घर तपासा. पडद्याची खालची कड मातीत दाबलेली आहे का, दाराची फट, गटरजवळची फिल्म. इथंही उदबत्तीच कामाची. घर घट्ट असूनही चढत नसेल, तर दुपारची नोंद पाहा. पंख्यातून येणाऱ्या हवेत ४० चा तरी फरक दिसत नसेल, तर एक तर हवा दमट आहे, नाही तर रेझिन क्षारांनी भरलंय. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर तो दिवस सोडून द्या. कोरड्या दुपारीही फरक दिसत नसेल, तर गोधड्या सोड्याच्या पाण्यात पुन्हा चार वेळा धुवा. शिवण न उसवता पूर्ण गोधडी ड्रममध्ये बुडवता येते.

वाढीव वायू मिळालेली रोपं लवकर जोम धरतात, त्यांना पोषणही त्या बेतानं हवं. नव्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर कॅल्शियम कमी पोचतंय. पानांची छिद्रं अर्धवट मिटलेली राहतात, पाण्याचा उठाव कमी होतो आणि त्याबरोबर येणारं कॅल्शियमही. अशा वेळी ६०० ऐवजी ५०० वर थांबा आणि कॅल्शियम नायट्रेटची मात्रा तपासा. लागवडीआधीचे शेवटचे पाच-सहा दिवस वायू पूर्ण बंद ठेवून, पडदे उघडे ठेवून रोपं कणखर होऊ द्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस पडदे सकाळी आठलाच उघडावे लागतील, तेव्हा हंगाम संपला. गोधड्या सोड्याच्या पाण्यात एकदा धुऊन, आरओच्या पाण्यानं खळखळून, ओलसर असतानाच झाकणाच्या ड्रममध्ये सावलीला ठेवा. कूलरची टाकी स्वच्छ धुऊन खसाच्या जाळ्या परत बसवल्या, पंप जोडला, की मार्चच्या उन्हाला तो घरात न्यायला मोकळा.